ठशाकडून अक्षराकडे : मुंबईतील उपयोजित कलाशिक्षणाची हकीकत

यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही चार ओळी लिहाव्यात, अशी संपादक मंडळाने आज्ञा केली. आम्ही केवळ मॅट्रिक झालेले. सारे आयुष्य मुलांकडून बाराखडी आणि पाढे घोटवून घेण्यात गेले. इतिहास लिहिण्याचा आमचा अधिकार नव्हे, याची आम्हांस पूर्ण जाणीव आहे. तथापि गेल्या वर्षी एक प्रसंग असा घडला, की त्यानेच हा विषय आमच्या गळ्यात घातला.

आपल्या मंडळाच्या शिष्यवृत्ती समितीवर आम्ही काही वर्षे आहोत. गेल्या वर्षी बारावी उत्तीर्ण झालेल्या आपल्या ज्ञातीतील एका मुलीचा अर्ज समितीपुढे आला. मुंबईच्या एका कलाशिक्षण संस्थेत ‘कम्युनिकेशन डिझाइन’ या विषयासाठी तिला प्रवेश मिळाला होता. आमच्या नियमांत वैद्यकी, अभियांत्रिकी, वाणिज्य आणि अध्यापन एवढीच नावे. समितीने ‘हा चित्रकलेचा छंद असून नियमात बसत नाही’ असा शेरा मारून अर्ज परत केला. त्या शेऱ्याखाली आमचीही सही आहे. पुढे एका लग्नात त्या मुलीचे वडील भेटले. त्यांचे शिलाईचे लहानसे दुकान आहे. रागाचा एक शब्दही न काढता ते म्हणाले, “गुरुजी, आपण रंगारी. ठशांनी कापड छापणारे आपले आजेपणजे मग छंदच करीत होते, असे म्हणावयाचे का?” आम्हांस उत्तर सुचले नाही. घरी आल्यावर आम्ही या विषयाची पुस्तके मिळवून वाचू लागलो, जाणत्यांस विचारू लागलो. त्या वाचनाचे सार ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवीत आहो.

प्रथम आपल्या घरची गोष्ट. भावसार समाजाचा परंपरागत धंदा कापड रंगविण्याचा आणि छापण्याचा, हे लहान मुलासही ठाऊक आहे. आल, मंजिष्ठा, नीळ, हिरडा, तुरटी हे पदार्थ आपल्या घरांत मीठमिरचीप्रमाणे असत. लाकडी ठशावर वेल कोरावयाची, ती एका ठशाच्या कडेपासून दुसऱ्या ठशाच्या कडेस अशी जुळवावयाची, की सांधा दिसता कामा नये. आणि हे सर्व घेणाऱ्याची आवड ओळखून करावयाचे. यास त्या काळी कोणी कला म्हटले नाही. तो कुळाचा धंदा होता. पुढे १८६८ साली ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी मंजिष्ठेतील तांबडा रंग प्रयोगशाळेत तयार केला आणि थोड्याच वर्षांत तो कारखान्यांतून बाजारात आला. १८९७ साली कृत्रिम निळीची विक्री सुरू झाली. आल आणि नीळ यांवर चालणाऱ्या चुली थंडावल्या. आपल्या वाडवडिलांनी शिलाई, कापडाची दुकाने आणि नोकऱ्या पत्करल्या. धंदा गेला याचा दोष त्यांस देता येत नाही. परंतु रंगाबरोबर ठशाची विद्याही आपण माळ्यावर टाकली, हे मात्र खरे.

ती विद्या ज्या नव्या रूपाने जगली, ते रूप मुंबईत घडत होते. मुंबईची पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली स्थापिली. गिरणीचे कापड बाजारात येऊ लागले, तेव्हा तागे आणि गठ्ठे यांवर रंगीत छापील तिकिटे चिकटविण्याची पद्धत रूढ झाली. मँचेस्टरच्या मालावरही अशी तिकिटे येत. त्यांवर देवदेवता, हत्ती, वाघ, राजेराण्या यांची चित्रे असत. गिऱ्हाइकास वाचता येत नसे, पण ‘हत्तीछाप द्या’ एवढे सांगता येत असे. पूर्वी जे काम कापडावरील नक्षी करीत होती, ते आता कागदावरील चित्र करू लागले.

त्याच सुमारास सर जमशेटजी जीजीभाई यांनी दिलेल्या १ लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली त्यांच्या नावाचे कलाविद्यालय मुंबईत सुरू झाले. देशी हस्तव्यवसायांस उत्तेजन मिळावे, हा त्यामागील एक मुख्य हेतू होता. १८६५ साली तेथे शिक्षक म्हणून आलेले जॉन लॉकवुड किपलिंग यांनी कारागीर कामावर बसलेले असतानाची चित्रे काढून ठेविली आहेत. १८९१ साली लॉर्ड रे यांच्या नावाने तेथे हस्तव्यवसायांच्या कार्यशाळा निघाल्या. तथापि विद्यालयाचा मान वाढला तो मुख्यत्वे तैलचित्रे आणि पुतळे यांमुळे. कारागिराचा मुलगा आणि चित्रकार यांमध्ये एक भिंत उभी राहिली. तिची सावली आमच्या समितीच्या शेऱ्यावरही पडलेली होती.

अक्षराची गोष्ट निराळ्या वाटेने आली. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली बंगालमध्ये, श्रीरामपूर येथे छापले गेले. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली शिळाछापावर मराठी पंचांग छापले. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासण्याच्या कामापासून आरंभ केलेल्या जावजी दादाजी यांनी १८६४ साली स्वतःचा टाइपांचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. त्यांच्या खिळ्यांची वळणे इतकी सुबक, की निर्णयसागरी पोथ्या आजही डोळ्यांस सुख देतात. मराठीचे खिळे पाडणे हे सोपे काम नव्हे. काना, मात्रा, वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे यांमुळे जुळाऱ्यापुढे शेकडो खण लागत. जावजींस हे कोणत्याही विद्यालयाने शिकविले नाही; ते हाताखाली राहून शिकले. पुढे १८९४ साली राजा रविवर्मा यांनी मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला. तो नंतर लोणावळ्याजवळ मळवली येथे गेला. त्याच्या चित्रांनी लक्ष्मी आणि सरस्वती घरोघरच्या भिंतींवर आणून बसविल्या. १९०५ साली गिरगावात बी. दत्ताराम यांनी जाहिरातीची पेढी काढली. कोल्हापुरास बाबूराव पेंटर यांनी आपल्या बोलपटपूर्व चित्रपटांची भित्तिपत्रके स्वतः रंगविली. अशा रीतीने काम वाढले, पेढ्या वाढल्या. शिकविणारी शाळा मात्र नव्हती.

ती उणीव १९३५ साली भरून निघाली. त्या वर्षी जे. जे. कलाविद्यालयात ‘कमर्शियल आर्ट’ हा स्वतंत्र विभाग उघडला. त्या काळच्या विद्यार्थ्यांतील दीनानाथ दलाल हे नाव मराठी वाचकांस सांगावयास नको. त्यांनी हजारो पुस्तकांची वेष्टने काढली आणि १९४५ सालापासून ‘दीपावली’ वार्षिक चालविले. आमच्या घरी वडिलांनी जपून ठेविलेले जुने दिवाळी अंक होते. त्यांतील अक्षर कळण्याआधी आम्ही त्यांवरील चित्रे पाहिली, आणि त्या चित्रांच्या ओढीनेच अक्षरापाशी आलो. याला शिक्षण म्हणावयाचे नाही, तर कशाला म्हणावयाचे?

स्वातंत्र्यानंतर या विद्येची गरज दुकानापुरती राहिली नाही. १९५१ च्या जनगणनेनुसार देशात शंभरांपैकी सुमारे १८ जणांसच लिहितावाचता येत होते. अशा देशात १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक घ्यावयाची होती. मतदारास उमेदवाराचे नाव वाचता येणार नाही, म्हणून चित्रांची चिन्हे आली. झोपडी, बैलजोडी, दिवा ही चिन्हे ज्यास ओळखता आली, त्यास मत देता आले. पुढे कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण खेड्यापाड्यांतील दवाखान्यांच्या भिंतींवर आला. राज्यकारभार निरक्षर माणसापर्यंत पोहोचावा, तर चित्र, रंग आणि अक्षर यांचे शास्त्र जाणणारी माणसे हवीत, हे त्यावरून दिसून आले.

चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारच्या निमंत्रणावरून देश हिंडून १९५८ साली एक अहवाल सादर केला. आपल्या रोजच्या वापरातील साधा लोटा त्यांस फार आवडला. त्याचे तोंड, पोट, वजन आणि डोक्यावर वा कडेवर घेताना येणारा तोल यांचा विचार कित्येक पिढ्यांच्या हातांनी केलेला आहे, असे त्यांस दिसले. त्या अहवालाच्या आधारे १९६१ साली अहमदाबादेस राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली. त्याच वर्षी मुंबईत जे. जे. मधील कमर्शियल आर्ट विभागाचे स्वतंत्र उपयोजित कला संस्थेत रूपांतर झाले. तिच्या उभारणीशी व्ही. एन. आडारकर यांचे नाव निगडित आहे. १९६५ साली राज्याचे कला संचालनालय स्थापन झाले. आपल्या मुलांच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा त्याच्याच वतीने होतात. १९६९ साली पवईच्या आय. आय. टी. मध्ये औद्योगिक डिझाइन केंद्र निघाले. जे. जे. मध्ये आणि नंतर जर्मनीतील उल्म येथे शिकून आलेले सुधाकर नाडकर्णी यांनी त्यास आकार दिला. १९८४ पासून तेथे दृश्यसंवाद या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला.

त्या केंद्रात शिकविणारे प्रा. र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांचे नाव आम्हां शिक्षकांस विशेष आदरणीय वाटते. जे. जे. मध्ये शिकून, जाहिरातपेढीत नाव कमावून ते अध्यापनाकडे वळले आणि भारतीय लिप्यांच्या वळणांचा त्यांनी ध्यास घेतला. संगणकावर मराठी उमटू लागली, तेव्हा ज्या ‘मंगल’ टंकाने ती लक्षावधी पडद्यांवर वाचली गेली, तो त्यांचाच. त्याआधी १९७१ साली बापूराव नाईक यांनी देवनागरी मुद्राक्षरांवरील आपला बृहद्ग्रंथ प्रसिद्ध केला होता. २०१० साली केंद्र सरकारने रुपयाचे नवे चिन्ह स्वीकारले. देवनागरी ‘र’ आणि रोमन ‘आर’ यांचा मेळ घालणारे ते चिन्ह पवईच्याच केंद्रात शिकलेल्या डी. उदय कुमार यांनी रेखाटले. आपल्या खिशातील नोटेवर ते आज विराजमान आहे. आमच्या समितीने ज्यास छंद म्हटले, त्याचे फळ समितीच्या जमाखर्चाच्या वहीतही प्रत्येक रकमेआधी लिहिलेले आहे!

आता तेथे प्रत्यक्ष काय शिकवितात, हे पालकांनी जाणून घ्यावे. आरंभी निसर्गचित्रण, वस्तुचित्रण, रंगविचार आणि अक्षरलेखन. ‘अ’ चा गाठोडा कोठे जाड, कोठे बारीक, दोन अक्षरांत किती मोकळी जागा सोडावी, याचा अभ्यास महिनोमहिने चालतो. त्यानंतर पुस्तकाची मांडणी, भित्तिपत्रक, मालाचे वेष्टन, छायाचित्रण, छपाईची अंगे, आणि अलीकडे संगणक व मोबाइल यांच्या पडद्यांची रचना. शेवटच्या वर्षी विद्यार्थ्याने एखादा विषय घेऊन लोकांत जावे, त्यांची अडचण समजून घ्यावी आणि तिच्यावर स्वतः उपाय करून दाखवावा, अशी अपेक्षा असते. उदाहरणार्थ, औषधाच्या बाटलीवरील सूचना मोतीबिंदू झालेल्या आजीस वाचता येते का? रेल्वेच्या फलाटावर नवखा माणूस कोठे चुकतो? हे प्रश्न टेबलाशी बसून सुटत नाहीत.

समितीतील एका मित्रांची शंका अशी, की आता यंत्रच क्षणार्धात चित्र काढून देते; मग ही वर्षे कशाला वाया घालवावयाची? शंका रास्त आहे. आल आणि नीळ यांचे जे झाले, ते या मुलांचेही होईल, हे भय आमच्याही मनात आले. ज्यांचे काम केवळ सांगितलेले चित्र उतरवून देण्याचे, त्यांस झळ लागेलही. परंतु कोणाशी, कोणत्या भाषेत, किती बोलावयाचे, हे ठरविण्यापूर्वी त्या आजीच्या शेजारी कोणी तरी बसावे लागते. ते काम माणसाचे आहे, आणि तेच तेथे शिकवितात. अडचणी आम्ही लपवीत नाही. प्रवेशाच्या परीक्षा कठीण आहेत. कागद, रंग, संगणक यांचा खर्च मोठा आहे. पहिल्या नोकरीचे वेतन कधी तुटपुंजे असते. म्हणून तर शिष्यवृत्तीची गरज आहे. ज्यास खर्च झेपतो, त्यास आमच्या सहीची वाट पाहावी लागत नाही.

एक कबुली देऊन लेख संपवितो. शिक्षक असताना इंटरमिजिएट परीक्षेत ‘ए’ श्रेणी मिळविलेला आमचा एक विद्यार्थी पुढे मुंबईस शिकावयास जाऊ इच्छीत होता. त्याच्या वडिलांनी आमचे मत विचारले. “पाट्या रंगवून पोट भरेल का?” असे आम्ही म्हणालो. मुलगा गावी राहिला. आज तो छापील फलकांचे दुकान चालवितो. मध्यंतरी भेटला, तेव्हा म्हणाला, “गुरुजी, दिवसभर लोकांची बिघडलेली अक्षरे छापतो. कशी सुधारावीत ते दिसते, पण शास्त्र माहीत नाही.” त्याने दोष दिला नाही, पण तो वाक्य संपवून गप्प राहिला, तेवढे आम्हांस पुरे झाले. एका मुलाची वाट आम्ही शब्दाने अडविली आणि एका मुलीची सहीने.

येत्या वार्षिक सभेपुढे आम्ही ठराव मांडणार आहो : शिष्यवृत्तीच्या नियमांत ‘उपयोजित कला व डिझाइन’ या शब्दांची भर घालावी आणि त्या मुलीच्या अर्जाचा फेरविचार व्हावा. त्या निधीत पहिली भर म्हणून आमचे एक महिन्याचे निवृत्तिवेतन आम्ही देत आहो. आणखी एक विनंती. ज्यांच्या माळ्यावर जुने ठसे धूळ खात पडले असतील, त्यांनी ते पुसून सभेच्या दिवशी घेऊन यावेत. मुलांनी ते हातात धरून पाहावेत.

श्री हिंगुलांबिका मातेने आपल्या लेकरांच्या हातांस यश द्यावे, एवढीच प्रार्थना. इत्यलम्.