मनिऑर्डर आणि मतपेटी

मालवणच्या बाजारपेठेत दोन विषयांना कधी तोटा पडत नाही. एक माशांचा भाव आणि दुसरी निवडणूक. पहिला विषय सकाळचा, दुसरा दिवेलागणीनंतरचा. आमच्याकडे अशा गप्पांना गजाली म्हणतात. त्या ऐकत मी वाढलो, आणि कोकणाविषयीची मोठमोठ्या पंडितांची भाकितेही पुष्कळदा फसताना पाहिली. म्हणून आमच्या मुलखाच्या मताची ही कुळकथा फराळाच्या ताटाबरोबर वाचकांपुढे ठेवीत आहे.

घाटावरच्या राजकारणाची मुळे उसाच्या फडात. साखर कारखाना, सहकारी बँक आणि सोसायटी या दोऱ्यांनी काँग्रेसने तिथली गावे बांधून घेतली होती. आमच्याकडे ना ऊस, ना कारखाना. भाताचे चतकोर तुकडे, चार माड आणि समोर समुद्र! म्हणून घरटी एकजण मुंबईस जाई, परळ-लालबागच्या गिरणीत साच्यावर उभा राही आणि महिन्याकाठी मनिऑर्डर धाडी. त्या पैशांबरोबर युनियनची सभा, संप आणि संयुक्त महाराष्ट्राची हाकही गावात येई. मालवणचे मत पिकले ते गिरणगावात, असे मला नेहमी वाटत आले आहे.

त्या मताला १९५७ साली माणूस मिळाला. वेंगुर्ल्याचे बॅरिस्टर नाथ पै प्रजासमाजवादी पक्षातर्फे राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर गेले. पुढे १९६२ आणि १९६७ सालीही तेच निवडून आले. १८ जानेवारी १९७१ रोजी ते अकाली गेले. त्यांच्या जागी आमच्या लोकांनी कोणाला निवडावे? जन्माने नगरचे आणि मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकविणारे प्राध्यापक मधु दंडवते यांना! ‘आपला तो आपला’ म्हणणाऱ्या कोकणी माणसाने परगावच्या मास्तरांना १९७१ पासून १९८९ पर्यंत लागोपाठ पाच वेळा दिल्लीस पाठविले. १९८४ साली इंदिराजींच्या हत्येनंतर देशभर काँग्रेसची लाट उसळली. महाराष्ट्रातल्या ४८ जागांपैकी ४३ तिने घेतल्या, परंतु राजापूर तिच्या हाती लागले नाही.

यात बायकांचा वाटा मोठा. कर्ता पुरुष मुंबईस, त्यामुळे गाव राखायचे ते त्यांनीच. २०११ च्या जनगणनेतसुद्धा सिंधुदुर्गात हजार पुरुषांमागे १०३६ स्त्रिया भरल्या. पत्र मुंबईहून येई, मत मात्र घरच्या बाईचे असे.

मग हे चित्र पालटले का? माझ्या मते मूळ झराच आटला. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या. युनियनच्या सभेला जाणाऱ्या बापाचा मुलगा शिवसेनेच्या शाखेत जाऊ लागला आणि त्याच चाकरमान्याच्या वाटेने शिवसेना गावी उतरली. १९९० साली नारायण राणे मालवणातून विधानसभेवर गेले, १९९१ साली दंडवते पडले आणि १९९६ पासून सुरेश प्रभू शिवसेनेतर्फे चार वेळा खासदार झाले.

‘मालवणी माणूस पक्ष पाहत नाही, व्यक्ती पाहतो,’ असा एक सिद्धांत गजालीत नेहमी ऐकू येतो. २००५ साली राणे शिवसेना सोडून काँग्रेसमध्ये गेले आणि पोटनिवडणूक जिंकले, तेव्हा तो खरा वाटला. पण २०१४ साली त्याच राण्यांना कुडाळ मतदारसंघात शिवसेनेच्या वैभव नाईकांनी पाडले आणि सिद्धांत लंगडा पडला. २०२४ साली तर लोकसभेला राणे कमळावर निवडून आले, आणि त्यांचे पुत्र निलेश यांनी कुडाळ विधानसभा धनुष्यबाणावर जिंकली. दशावतार पाहण्यात हयात घालविलेल्या आमच्या प्रेक्षकाला वेष बदलल्याचे नवल नाही. तो पाहतो ते एवढेच की संवाद कोण नीट म्हणतो आणि रात्र कोण निभावून नेतो.

मला मात्र एक गोष्ट खटकते. नाथ पैंना किंवा दंडवत्यांना मत देताना ‘मला काय मिळेल’ हा हिशेब पुष्कळदा करताच येत नसे, कारण ते बहुतेक काळ विरोधी बाकांवर होते. तरी १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली, त्यामागे त्या निष्ठेची पुण्याई होतीच. आज रस्ता, धक्का, नोकरी यांचा हिशेब आधी होतो. गरिबाने हिशेब करू नये असे मी कसे म्हणू? पण हिशेबापायी एका घरातले दोन भाऊ चवथीच्या आरतीला वेगवेगळे उभे राहू लागले, तर तो सौदा महागात पडला म्हणायचा.

पाडव्याला आमच्या रामेश्वर-नारायणाच्या पालख्या निघतात. भोयाच्या खांद्यावर कोणत्या पक्षाचा शेला आहे, हे देव विचारीत नाही. मतपेटीचा निकाल पाच वर्षांचा, शेजार जन्माचा. एवढे ध्यानी ठेवून यंदाचा फराळ सर्वांनी एकाच ओटीवर बसून करावा!