संपादकाची चाळण

वाचकांचे पत्र छापताना संपादकाने काय पाहावे? लिहिणाराचे नाव, की लिहिलेला मजकूर? मुंबईच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकाचे संपादक भाऊ महाजन यांनी १८४८ साली याचे उत्तर कृतीनेच दिले. ‘लोकहितवादी’ या टोपणनावाची पत्रे ते छापू लागले. लिहिणारे गोपाळ हरि देशमुख अवघे पंचविशीचे, सरकारी नोकर आणि जातीने ब्राह्मण. पण पत्रांत कोरडे ओढलेले ते ब्राह्मणांच्याच पोकळ विद्येवर! असले पत्र केराच्या टोपलीत टाकणे किती सोपे! भाऊंनी मात्र एकामागून एक अशी शंभरावर पत्रे छापली. तीच पुढे ‘शतपत्रे’ म्हणून गाजली. चाळणीने खडे जरूर काढावेत. पण दाणा टणक आहे म्हणून तो फेकू नये.