एक्झॉस्ट कटआउट : आवाज वाढतो, ताकद किती?

इंजिनातून निघणारा धूर सायलेन्सरपर्यंत पोहोचण्याआधीच बाहेर सोडणारी झडप म्हणजे एक्झॉस्ट कटआउट. धुराच्या नळीला इंग्रजी ‘वाय’सारखा फाटा काढून त्या तोंडावर ही झडप बसवली जाते. झडप बंद असताना गाडी नेहमीसारखी चालते. उघडताच गर्जू लागते. कल्पना नवी नाही. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या अनेक मोटारींत चालकाच्या पायाशी कटआउटची कळ असे. तेव्हाचे सायलेन्सर इंजिनाची दमछाक करीत, म्हणून चढावर कळ दाबून धुराला मोकळी वाट करून दिली जाई.

सिडकोने वसवलेल्या उलव्यात रस्ते रुंद आहेत. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचे उद्घाटन झाल्यापासून दक्षिण मुंबईही जवळ आली. दमदार गाडी घेणाऱ्याला असा परिसर मोह घालणारच. मात्र सेतूवर मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे आणि सेक्टरांतल्या उंच इमारतींमध्ये रात्री आवाज घुमतो. निवासी भागासाठी २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची पातळी ठरवली आहे. उघड्या कटआउटची गाडी स्टिल्टखालून बाहेर पडताना ही पातळी सहज ओलांडते.

या आवाजाच्या बदल्यात किती ताकद मिळते? साध्या, म्हणजे टर्बोचार्जर नसलेल्या इंजिनात बहुधा फारच थोडी. नळीची लांबी व व्यास उत्पादकाने धुराच्या लहरींचा हिशेब करून ठरवलेले असतात; मध्येच तोंड उघडले की तो हिशेब मोडतो आणि कमी फेऱ्यांवरचा जोर उलट घटूही शकतो. टर्बो इंजिनाची गोष्ट वेगळी. टर्बाइनच्या पुढच्या नळीतला दाब कमी झाला की टर्बाइन लवकर वेग घेते. तरीही आधुनिक गाडीत हवेचा दाब संगणक नियंत्रित करतो. त्याच्या आज्ञावलीत बदल केला नाही, तर इथेही फायदा मर्यादितच राहतो. कानाला जाणवणारा वेग आणि घड्याळात नोंदला जाणारा वेग यांत बरेच अंतर असते.

कायद्याची भूमिका स्पष्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२० वा नियम प्रत्येक वाहनाला सायलेन्सर बंधनकारक करतो. १९८९ च्या वाहतूक नियमावलीत तर सायलेन्सर टाळून धूर सोडणारा ‘कटआउट’ वापरू नये, असा थेट उल्लेख होता. तिची जागा २०१७ मध्ये नव्या नियमावलीने घेतली. उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत फेरफार करता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये कलम ५२ च्या संदर्भात सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. ध्वनी व वायुप्रदूषणाच्या मानकांचा भंग झाल्यास दंड १०,००० रुपयांपर्यंत जाऊ शकतो. अपघात झाल्यास विमा कंपनी न कळवलेल्या बदलावर बोट ठेवू शकते, ते वेगळेच.

तेव्हा कटआउटची जागा शर्यतीच्या मैदानात. लोणावळ्यापलीकडे आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती भरल्या आहेत. कोइमतूर आणि चेन्नईजवळ कायमचे ट्रॅक आहेत. तिथेही आयोजकांचे आवाजाविषयीचे नियम आधी वाचावेत.

निवड करताना पहिली बाब व्यासाची. कटआउटचे तोंड मूळ नळीच्या व्यासाचे असावे. अडीच इंची नळीला तीन इंची तोंड लावून काही साधत नाही. दुसरी बाब धातूची. उलव्याला खाडीची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, त्यामुळे साधे पोलाद लवकर गंजते आणि झडप अडकते. स्टेनलेस स्टीलला पर्याय नाही. विजेवर चालणारी झडप बटणावर उघडते. पण तिची मोटर उष्णता आणि चिखल या दोहोंच्या माऱ्यात असते, शिवाय झडपेच्या कडेतून थोडी गळती होत राहते. नट-बोल्टने बसणारी साधी झाकणपट्टी दिसायला गावठी खरी, पण ती गळत नाही आणि बिघडत नाही. केवळ शर्यतीपुरता वापर असेल तर तीच सरस.

जागा चुकली तर सगळेच चुकते. फाटा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर यांच्या पुढे, सायलेन्सरच्या अलीकडे काढावा. सेन्सरच्या आधी गळती झाली तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि संगणकाला मिश्रणाचा चुकीचा अंदाज येतो. इंधनाची व ब्रेकची नळी, वायरिंग आणि रबरी हँगर यांपासून तोंड दूर हवे. गतिरोधकावर घासेल इतके खाली नको. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ते केबिनखाली उघडू नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. तळाच्या फटीतून तो आत शिरला तर चालकाला कळतही नाही. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची तार काढून ठेवावी, अन्यथा संगणकाला इजा पोहोचू शकते.

जाणकार कारागीर मूळ नळी कापून कायमचा फाटा जोडत नाहीत. फाटा असलेला तुकडा ते वेगळा तयार करून दोन्ही टोकांना फ्लँज लावतात आणि त्याच मापाचा साधा तुकडाही बनवून देतात. रस्त्यावर साधा तुकडा, ट्रॅकवर फाट्याचा. अदलाबदल मैदानातच करायची. अर्थात मूळ अखंड नळी जपून ठेवणे श्रेयस्कर, कारण वॉरंटी आणि तपासणी यांच्या वेळी तीच उपयोगी पडते. तुकडा बदलताना गॅस्केट दर वेळी नवे घालावे आणि इंजिन थंड असताना सुरू करून जोडाशी कान द्यावा. टिकटिक ऐकू आली तर जोड गळतो आहे.