फूल की दोन पानं?

१६ जानेवारी १९६७. गोव्याच्या जनमत कौलाची ही तारीख आमच्या पेडण्यातल्या जुन्या माणसांना अजून पाठ आहे. चिन्हं दोनच. महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर फूल, केंद्रशासित राहायचं तर दोन पानं. कौलाआधी भाऊसाहेब बांदोडकरांचं सरकार पायउतार झालं होतं. मुंबईत कामाला असलेल्या गोंयकारांना मात्र मत नव्हतं, आणि आमच्या घरातले दोघे नेमके तिथेच!

आजोबा फुलवाले. मराठी शाळा, नाटकं, कीर्तनं ही कारणं होतीच, पण खरं कारण कुळाची जमीन, असं मला वाटतं. भाटकाराच्या हाताखालून सुटायचं तर महाराष्ट्रात गेलेलं बरं, हा त्यांचा हिशेब. आजीचा वेगळा. ती पोथी वाचायची मराठीत आणि भांडायची कोंकणीत. म्हणायची, "मुंबयत आमकां कोण विचारता?" तिनं शिक्का कुठे मारला, ते आजोबांनाही शेवटपर्यंत कळलं नाही.

दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. पेडणं फुलाकडे, सासष्टी पानांकडे. घरात दोन दिवस कुणी धड बोललं नाही म्हणे.

आणि गंमत बघा, दोनच महिन्यांत विधानसभेची निवडणूक झाली, तर भाऊसाहेब परत मुख्यमंत्री! बाहेरच्यांना हे कोडं वाटतं. आम्हाला नाही. विलीनीकरण नको पण भाऊ हवेत, अशी घरं आमच्या वाड्यावरही होती.