बॅकयार्डातल्या मुंग्या आणि त्यांच्या अंगातले जिवाणू



उन्हाळा लागला की अल्फारेटात घरोघरी मुंग्यांचा विषय निघतोच. डेकच्या लाकडात मोठ्या काळ्या मुंग्या दिसतात आणि लॉनमध्ये मातीचे ढीग करणाऱ्या लाल फायर अँट मुलांच्या पायांना डसतात. या दोन्ही मुंग्यांच्या अंगात राहणाऱ्या जिवाणूंची ही थोडक्यात माहिती. यातला एक जिवाणू मुंगीला कधीच सोडत नाही. दुसरा मात्र देशांतर करताना मागे राहू शकतो.

काळी सुतार मुंगी

इंग्रजीत हिला कार्पेंटर अँट म्हणतात. गावाकडचा मोठा काळा डोंगळा याच कॅम्पोनोटस प्रजातीतला. या प्रजातीत जगभर सुमारे हजार जाती आहेत. आपल्या भागातली नेहमीची जात म्हणजे कॅम्पोनोटस पेनसिल्व्हॅनिकस. ही मुंगी वाळवीसारखे लाकूड खात नाही, फक्त घरटे करण्यासाठी ते पोखरते. तिच्या आहाराचा मोठा भाग म्हणजे मावा या किडीने सोडलेला गोड चिकटा. त्यात साखर भरपूर असते, पण प्रथिनांसाठी लागणारा नायट्रोजन फार कमी.

ही उणीव ब्लॉकमॅनिया नावाचे जिवाणू भरून काढतात. जर्मन शास्त्रज्ञ फ्रीडरिख ब्लॉकमन यांनी १८८० च्या दशकात मुंग्यांच्या शरीरातल्या या जिवाणूंचे वर्णन केले, म्हणून हे नाव. ते आतड्याच्या भिंतीतल्या खास पेशींमध्ये आणि राणीच्या अंडाशयात राहतात. टाकाऊ युरियातला नायट्रोजन पुन्हा वापरात आणून ते मुंगीला आवश्यक अमिनो आम्ले पुरवतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत प्रतिजैविक देऊन हे जिवाणू कमी केले, तेव्हा कामकरी मुंग्यांना पिल्ले नीट वाढवता आली नाहीत.

आईकडून लेकीकडे

ब्लॉकमॅनिया बाहेरून येत नाही. तो राणीच्या अंड्यातूनच पुढच्या पिढीत जातो. त्यामुळे मुंग्यांच्या जातींची वंशावळ आणि त्यांच्यातल्या जिवाणूंची वंशावळ शेजारी ठेवली तर फांद्या बऱ्याच अंशी जुळतात. मुंगीची नवी जात झाली की जिवाणूचीही नवी शाखा फुटते. ही सोबत कोट्यवधी वर्षांची आहे.

या सोबतीची किंमत जिवाणूने मोजली आहे. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय जिवाणूच्या जनुकसंचात सुमारे ४६ लाख अक्षरे असतात. आपल्याकडच्या सुतार मुंगीतल्या ब्लॉकमॅनियात ती सुमारे ७ लाख ९२ हजारच उरली आहेत, हे २००५ साली प्रसिद्ध झाले. मुंगीच्या पेशीत सगळे आयते मिळत असल्याने नको ती जनुके गळून गेली आणि बाहेरच्या जिवाणूंशी देवाणघेवाण नसल्याने ती परत मिळाली नाहीत. अमिनो आम्ले बनवणारी बरीच जनुके मात्र टिकली, कारण मुंगीला तीच हवी असतात. आता हा जिवाणू मुंगीबाहेर स्वतंत्रपणे जगू शकत नाही.

लाल फायर अँट

ही मुंगी मूळची दक्षिण अमेरिकेतली. १९३० च्या दशकात ती अलाबामातल्या मोबिल बंदरात जहाजाच्या मालाबरोबर उतरली आणि तिथून जॉर्जियासह सगळ्या दक्षिणेत पसरली. मूळ देशात तिच्या अनेक वस्त्यांमध्ये वोल्बाकिया हा जिवाणू आढळतो. १९२४ साली तो प्रथम डासात दिसला आणि आज असंख्य कीटकांत माहीत आहे. तोही अंड्यातून पुढे जातो, पण अधूनमधून एका जातीतून दुसऱ्या जातीत उडी मारतो. म्हणून त्याची वंशावळ यजमान कीटकांच्या वंशावळीशी जुळत नाही. अनेक कीटकांत तो यजमानाच्या प्रजननात ढवळाढवळ करून स्वतःचा प्रसार वाढवतो.

अथेन्सच्या जॉर्जिया विद्यापीठातले केनेथ रॉस आणि त्यांचे सहकारी यांनी २००० साली या मुंग्यांची तपासणी प्रसिद्ध केली. दक्षिण अमेरिकेतल्या मुंग्यांत वोल्बाकिया होता, अमेरिकेतल्या तपासलेल्या मुंग्यांत नव्हता. पुढे २००६ साली मिसिसिपीतल्या मुंग्यांत तो सापडल्याची नोंद झाली. याचा एक सरळ अर्थ असा की, आलेल्या थोड्या राण्यांपैकी बहुतेकींकडे तो नसावा किंवा नव्या जागी तो टिकला नसावा. वोल्बाकियावाचून मुंगीचे अडत नाही, म्हणून तो गळला तरी वस्ती वाढतच राहिली. सुतार मुंगीला ब्लॉकमॅनिया असा मागे टाकता येत नाही. प्रवासात सोबत काय टिकते आणि काय सुटते, हे एकमेकांवाचून किती अडते यावर ठरते.

आपण काय लक्षात ठेवावे?

मुंगी नव्या प्रदेशात गेली की तिच्या अंगातले जिवाणूही जातात. २०११ च्या जनुकीय अभ्यासानुसार कॅलिफोर्निया, चीन, तैवान आणि ऑस्ट्रेलियात पोचलेल्या फायर अँट प्रामुख्याने अमेरिकेच्या दक्षिण भागातूनच गेल्या. १९५८ पासून या मुंगीसाठी केंद्र सरकारचा क्वारंटाइन नियम आहे. त्यात माती, लॉनची हिरवळ आणि मातीसकट रोपे यांच्या वाहतुकीवर बंधने आहेत. तेव्हा नोकरी बदलून उत्तरेकडे निघालात तर अंगणात ठेवलेली मोगऱ्याची कुंडी गाडीत चढवण्याआधी नियम जरूर पाहा आणि कुंडीच्या तळाशीही एक नजर टाका!