ज्ञापक रुग्ण आणि निर्णयाचा अधिकार

चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि रोगी. रोग्याच्या अंगी जे चार गुण असावेत असे म्हटले आहे, त्यांपैकी दोन एकमेकांशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. ज्ञापकत्व म्हणजे आपल्या व्याधीचे यथार्थ निवेदन करण्याची पात्रता. निर्देशकारित्व म्हणजे वैद्याच्या सांगण्याप्रमाणे वागणे. रोग्याने आधी सांगावे आणि मग ऐकावे, अशी ही व्यवस्था होय. पाश्चात्त्य वैद्यकातही ती दीर्घकाळ गृहीतच होती. ॲलर्जीच्या चिकित्सेत मात्र या दोन गुणांमधील ताण विशेष ठळकपणे दिसून येतो.

याचे कारण या व्याधीविषयीच्या ज्ञानाच्या उगमातच आहे. १८१९ च्या मार्चमध्ये जॉन बॉस्टॉक या डॉक्टराने लंडनच्या एका वैद्यकीय संस्थेपुढे डोळे व छाती यांच्या ऋतुपरत्वे उद्भवणाऱ्या विकाराची हकीकत वाचली. रुग्णाचा उल्लेख ‘जे. बी., वय ४६’ असा होता, आणि हा जे. बी. म्हणजे स्वतः बॉस्टॉकच. शास्त्रीय निवेदनासाठी त्याला प्रथमपुरुष सोडून तृतीयपुरुषात जावे लागले, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाला तरी दुर्लक्षिण्याजोगी वाटणार नाही. पुढे मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकलीने गवताच्या परागांचे प्रयोग स्वतःवर करून १८७३ मध्ये ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. ‘ॲलर्जी’ हा शब्द व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्केने १९०६ मध्ये घडविला, तेव्हा रुग्ण हाच निरीक्षक ही परंपरा चांगलीच रुळलेली होती.

१९११ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातील लेनर्ड नून याने परागांचा अर्क वाढत्या मात्रेने टोचण्याची पद्धती प्रसिद्ध केली. रुग्णाची संवेदनशीलता तो अर्काचे थेंब डोळ्यात घालून मोजीत असे. मोजमाप आले आणि रुग्णाचे सांगणे मागे पडले; मात्रा आणि काळ डॉक्टर ठरवू लागला. १९८६ मध्ये ब्रिटनच्या औषधसुरक्षा समितीने १९५७ पासून अशा टोचण्यांशी निगडित २६ मृत्यूंची नोंद प्रसिद्ध करून त्यांच्या वापरावर कडक बंधने सुचविली. बंधने अनाठायी नव्हती. परंतु किती धोका पत्करावा, हा प्रश्न तेव्हाही रुग्णाच्या पाठीमागेच सुटला.

निर्देश तरी स्थिर असतो काय? अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० मध्ये ॲलर्जीचा संभव असलेल्या बालकांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणे देऊ नयेत असे सुचविले. २००८ मध्ये तो सल्ला मागे घेतला. २०१५ साली लंडनमधील ६४० अर्भकांच्या अभ्यासाने उलटच दाखविले : लवकर खाऊ घातल्याने ॲलर्जी पुष्कळ टळते.

‘सहनिर्णय’ ही कल्पना अमेरिकेच्या अध्यक्षीय आयोगाने १९८२ च्या अहवालात पुढे मांडली होती. तिची खरी कसोटी शेंगदाण्याच्या तोंडावाटे द्यावयाच्या उपचारात लागली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४ ते १७ वर्षांच्या उपचारित मुलांपैकी ६७ टक्क्यांना शेंगदाण्याच्या प्रथिनाची ६०० मिलिग्रॅमची मात्रा सोसली. उपचार न मिळालेल्यांत हे प्रमाण ४ टक्के होते. अमेरिकेत २०२० मध्ये या औषधाला मान्यता मिळाली. तथापि २०१९ मध्ये अनेक चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणात असे आढळले की, उपचार घेणाऱ्यांनाच तीव्र प्रतिक्रिया अधिक येतात. मात्रा रोज घ्यावयाची, वर्ज्यही पाळावयाचे. अपघाताने खाल्लेल्या एका दाण्याचे भय मोठे, की रोजच्या मात्रेचा जाच? याचे उत्तर कोणत्याही तक्त्यात नाही. ते घरच्या माणसांना, आणि मूल जाणते असल्यास त्यालाच, ठाऊक असते. येथे ज्ञापकत्वाचा अर्थ रुंदावतो : लक्षणांबरोबर भय आणि सोशीकताही सांगावयाची असते.

अर्थात प्रत्येक निर्णय वाटून घेण्याजोगा नसतो, आणि या शब्दाचा सैल वापर करणाऱ्यांनी हे विसरू नये. घसा आवळू लागला, रक्तदाब उतरू लागला की ॲड्रिनॅलिन मांडीत टोचावयाचे, चर्चा करावयाची नाही. ते केव्हा व कोणी टोचावे, याचा विचार मात्र डॉक्टर, रुग्ण व कुटुंबीय यांनी आधीच एकत्र बसून करून ठेवावा लागतो.