गाडीचा 'सेल्फ' आणि ओहमचा नियम

मोटारगाडी सकाळी सुरू होते, दुपारी हटून बसते आणि संध्याकाळी पुन्हा मुकाट्याने चालू लागते. दिवे मात्र दर वेळी लख्ख लागतात. मग दोष कुठे? या कोड्याचे उत्तर 'सेल्फ'च्या जन्मकथेत दडले आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी इंजिन सुरू करण्यासाठी पुढे हँडल घालून ते हाताने फिरवावे लागे. इंजिनाने उलटा झटका दिला, तर मनगट मोडे. विजेची मोटर लावावी, तर इंजिन फिरवण्याइतकी मोठी मोटर गाडीत मावणार कशी? अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग यांनी त्याआधी दुकानातील गल्लायंत्राला विजेची मोटर बसवली होती. काही सेकंदच चालायचे असेल, तर लहान मोटरही क्षमतेबाहेरचे काम करू शकते, हे त्यांनी त्या कामात ओळखले होते. १९११ मध्ये त्यांनी कॅडिलॅक गाडीवर ही कल्पना यशस्वी करून दाखवली आणि कंपनीच्या १९१२ च्या गाड्यांत सेल्फ आला.

पण थोड्या वेळात मोठे काम म्हणजे जबर विद्युतप्रवाह. पुढच्या दोन दिव्यांना सुमारे ९ अँपिअर पुरतात. सेल्फला १५० देखील लागतात. समजा, बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरट थर साचून तिथला रोध अवघा ०.०३ ओहम झाला. ओहमच्या नियमाप्रमाणे दिव्यांच्या प्रवाहाने तेथे पाव व्होल्टच खर्ची पडतो. सेल्फचे १५० अँपिअर वाहू पाहतील, तर बारापैकी साडेचार व्होल्ट तेथेच जातील! म्हणून दिवे लागले, यावरून सांधा निर्दोष ठरत नाही. शिवाय धक्क्याने किंवा तापमान बदलल्याने सैल सांध्याचा रोध कमीजास्त होतो. म्हणूनच गाडी कधी सुरू होते, कधी नाही.

असा लहरीपणा ओहम यांनाही भोवला होता. जर्मनीतील कोलोन येथे शाळेत शिकवत असताना ते प्रयोग करत. पण त्यांच्या विद्युतघटांचा प्रवाह टिकून राहत नसे. पोगेनडॉर्फ यांच्या सूचनेवरून त्यांनी तांबे व बिस्मथ यांची जोडणी घेतली. तिचा एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवताच स्थिर उगम मिळाला आणि १८२६ मध्ये नियम हाती आला.

गाडीचा दोषही असाच एकेक घटक वेगळा काढून शोधावा. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा. व्होल्टमापीची एक तार बॅटरीच्या खुंटीला व दुसरी तिच्यावरील पकडीला लावावी आणि दुसऱ्याने सेल्फ मारावा. सांधा चांगला असेल, तर काटा शून्याजवळच राहील. व्होल्टभर सरकला, तर दोष तेथेच. सेल्फ बंद असताना मात्र हे मापन काहीच सांगणार नाही. असे का, हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा.